फेब्रुवारीतली बाळं

"ताई, मला लस दिली नाही."

पद्मजाचा आवाज शांत होता, म्हणूनच सुनीतीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. पद्मजा तिच्या धाकट्या भावाची, अभिनंदनची बायको. इचलकरंजीत हायस्कूलला गणित शिकवायची. तिला आठवा महिना लागला होता. सकाळी ती आरोग्य केंद्रात गेली होती आणि तिथल्या सिस्टरनी पडद्यावर तिची बाळंतपणाची तारीख बघून तिला परत पाठवलं होतं.

"फेब्रुवारीत बाळंत होणाऱ्यांना आता देत नाहीत म्हणाल्या. त्याऐवजी बाळालाच जूनमध्ये इंजेक्शन देणार. नियम कुणी काढला विचारलं, तर पुण्याहून आलाय म्हणाल्या." जरा थांबून तिनं विचारलं, "पुण्याहून म्हणजे तुमच्याकडूनच ना?"

"हो," सुनीती म्हणाली. "आमच्याकडूनच."

पद्मजाचा जीव त्या लसीत अडकला होता. सुनीतीला कारण माहीत होतं. चार वर्षांपूर्वी पद्मजाची पहिली मुलगी रुजुता दोन महिन्यांची असताना आरएसव्ही नावाच्या विषाणूनं तिला गाठलं होतं. मोठ्या माणसाला त्यानं नुसती सर्दी होते. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या मात्र इतक्या अरुंद असतात, की थोडी सूज आली तरी त्या बंद होतात. रुजुता आठवडाभर व्हेंटिलेटरवर होती. ती वाचली, चांगली धडधाकट झाली, पण पद्मजाची झोप त्या आठवड्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. अजूनही पोरगी झोपेत खोकली की ती उठून दिवा लावायची.

"संक्रांतीला येतेय मी," सुनीती म्हणाली. "तेव्हा बसून बोलू."

"या," एवढंच म्हणून पद्मजानं फोन ठेवला.

सुनीती चौगुले एका संशोधन संस्थेत साथींचं गणित करायची. तिच्या गटानं पाच वर्षं खपून राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्याचा एक जुळा संगणकात उभा केला होता. खऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात जितकी माणसं, साधारण तितकीच जुळ्या कोल्हापुरात. ती माणसं घरात राहायची, शाळेत, बाजारात, लग्नाकार्यात जायची, एकमेकांच्या तोंडावर खोकायची. दर महिन्याला तिथं बाळं जन्मायची आणि आईकडून त्यांना मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारे रक्तातले घटक, दिवसागणिक कमी होत जायची. मग त्या जिल्ह्यात विषाणू सोडायचा आणि किती बाळं दवाखान्यात पोचतात ते बघायचं. एकदा कुणालाच लस न देता, एकदा सगळ्या गरोदर बायकांना देऊन, एकदा नुसतं बाळांना इंजेक्शन देऊन. खऱ्या बाळांवर जे एकदाही करून बघता येणार नाही, ते इथं हजारो वेळा करता यायचं.

त्यातून जे दिसलं ते समजायला अवघड नव्हतं. आईला गरोदरपणी दिलेली लस बाळाला चार-पाच महिने पुरते. आपल्याकडे आरएसव्हीची साथ पावसाळ्यात चढते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात टोकाला जाते. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर जन्मणाऱ्या बाळांना आईची लस बरोबर उपयोगी पडते. पण जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या बाळांचं ते संरक्षण नेमकं साथ आली की संपलेलं असतं. त्यांच्यासाठी दुसरा उपाय होता, तो म्हणजे तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन थेट बाळाला द्यायचं. त्याचाही असर पाच महिने, तोही तिसऱ्या महिन्यानंतर उतरत जाणारा. ते महाग होतं आणि त्याचा साठा मोजका होता. आईला लस आणि वर बाळाला इंजेक्शन, असं दोन्ही प्रत्येकाला देणं शक्य नव्हतं. जन्माचा महिना बघून वाटणी केली, तर तेवढ्याच साठ्यात दवाखान्यात जाणाऱ्या बाळांची संख्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी होत होती. सरकारच्या समितीला ते पटलं आणि यंदापासून तसा नियम झाला.

अहवाल लिहिला तेव्हा पद्मजाला दिवस गेलेले नव्हते. आपल्या घरातलंच कुणी त्या रांगेत उभं असेल, असं सुनीतीच्या मनातही आलं नव्हतं.

संक्रांतीच्या दिवशी जेवणं झाल्यावर अभिनंदननं विषय काढला. त्याची यंत्रमागाची छोटी शेड होती आणि कुठलीही अडचण दोन फोन केले की सुटते असा त्याचा अनुभव होता.

"सांगलीत खाजगीत मिळती ती लस. मी चौकशी केलीय. उद्या गाडी काढतो."

"घेतली की तिची नोंद होते," सुनीती म्हणाली. "आणि आईच्या नावावर लस दिसली की बाळाचं जूनचं इंजेक्शन रद्द होतं. दोन्हींपैकी एकच मिळतं."

"मग नोंद न करणारा एखादा डॉक्टर गाठू की."

"तसलं काही करायचं नाही," पद्मजा म्हणाली. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. तिनं सुनीतीकडे बघितलं. "ताई, तुमचा अहवाल मी वाचलाय. समजलाही. पण ती सगळी सरासरी आहे. मी पोरांना सरासरी शिकवते. पन्नास मुलांची सरासरी उंची काढली, तर नेमक्या तेवढ्या उंचीचं एकही मूल वर्गात नसतं. माझं बाळ सरासरीचं नसणार."

"बरोबर आहे तुझं."

"साथ लवकर आली तर?"

"गेल्या वीस वर्षांत एकदाच आली होती."

"म्हणजे येऊ शकते."

"येऊ शकते," सुनीती म्हणाली. "पण आता लस घेतलीस, तर ऑगस्टमध्ये बाळ उघडं पडायची शक्यता त्याहून कितीतरी जास्त आहे."

पद्मजानं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "संस्थेतल्या बाई म्हणून नको, बाळाची आत्या म्हणून सांगा. मी काय करू?"

सुनीतीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. सबंध प्रवासात ती त्याचंच उत्तर शोधत होती, आणि दरवेळी एकाच उत्तरापाशी येऊन पोचत होती.

"थांब," ती म्हणाली. "माझं बाळ असतं, तर मीही थांबले असते."

"बरं," पद्मजा म्हणाली. "तुमच्या शब्दावर थांबते."

अभिनंदन तडक उठून शेडकडे गेला.

फेब्रुवारीच्या मध्यावर मुलगा झाला. वजन चांगलं होतं, रडणं खणखणीत होतं. बारशाला त्याचं नाव अर्हम ठेवलं. सुनीतीनं कानात नाव सांगितलं, पाळणा म्हटला, पण परतीच्या बसमध्ये बसल्यावर तिला जून किती लांब आहे हेच आठवत राहिलं.

एप्रिल संपत आला होता. शहरांच्या सांडपाण्याची तपासणी करणारी यंत्रं आता बहुतेक सगळ्या जिल्ह्यांत बसली होती. माणूस आजारी पडून दवाखान्यात यायच्या आधीच विषाणूचे अंश गटारात उतरतात, त्यामुळे साथीची चाहूल तिथं आधी लागते. त्या सोमवारी सुनीतीनं आठवड्याचे आकडे उघडले आणि कोल्हापूरच्या ओळीवर थांबली. आरएसव्हीचा आकडा आदल्या आठवड्यापेक्षा दुप्पट होता. सिंधुदुर्गातही तसंच. यंदा मार्चपासून दक्षिणेकडे अवकाळी पाऊस आणि दमट हवा टिकून होती. विषाणूच्या रूपातही थोडा बदल दिसत होता. यांतलं नेमकं कशानं झालं ते सांगता येत नव्हतं, पण आकडा चढत होता हे खरं.

पुढच्या आठवड्याचा नमुना येईपर्यंत तिनं कुणाला काही सांगितलं नाही. त्यातही आकडा चढाच निघाला. मग ती तिचे प्रमुख डॉ. सिल्वेस्टर डाबरे यांच्या खोलीत गेली. डाबरे सर वसईचे. मृदू बोलायचे, पण चुकीची गोष्ट कधी खपवून घ्यायचे नाहीत.

"कोल्हापूर आणि सिंधुदुर्गात इंजेक्शनं लगेच सुरू करावीत असं मला वाटतं," ती म्हणाली. "जूनची वाट न बघता."

सरांनी आकडे नीट बघितले. "दोन आठवड्यांचे नमुने आहेत. समज, ही लहानशी लाट येऊन विरली आणि खरी साथ नेहमीसारखी ऑगस्टमध्ये आली. मेमध्ये दिलेल्या इंजेक्शनचा जोर तेव्हा उतरणीला लागलेला असेल. दुसरा डोस द्यायला साठा नाही. म्हणजे घाई केल्यानंही बाळं दगावू शकतात."

"हो सर. तेच ठरवायचंय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझा भाचा कोल्हापूर जिल्ह्यात आहे ना?"

"इचलकरंजीत. अडीच महिन्यांचा."

"मग मला एक सांग. हा आकडा तुला मोठा दिसतोय, तो तेवढा आहे म्हणून, की तो तिथं आहे म्हणून?"

सुनीतीला राग आला नाही. गेले आठ दिवस ती स्वतःला हेच विचारत होती. "मला खात्रीनं सांगता येत नाही," ती म्हणाली. "म्हणूनच हे गणित मी करू नये. इम्तियाजला करू द्या. जिल्ह्यांची नावं काढून टाकू, नुसती अक्षरं ठेवू. लोकसंख्याही थोडी वरखाली करू, म्हणजे त्याला ओळखू येणार नाही. तो जे काढेल ते मला मान्य आहे. थांबा असं निघालं तरी."

"थांबा निघालं तर घरी काय सांगशील?"

"थांबा असंच सांगेन."

सरांनी चष्मा परत चढवला आणि इम्तियाज शिकलगारला बोलावलं. तो गटातला सगळ्यात नवा, शांत मुलगा. त्याला फक्त अक्षरं लावलेले जिल्हे आणि त्यांचे आकडे दिले. कशासाठी, ते सांगितलं नाही.

ते दोन दिवस सुनीतीनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पद्मजाचा रोज एक फोटो यायचा. अर्हम पालथा पडायचा प्रयत्न करतोय, अर्हम हसतोय. तिनं प्रत्येक फोटोला उत्तर दिलं आणि सांडपाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. नियम बदलला नसताना सांगून पद्मजाच्या हातात काय आलं असतं, हा विचार तिला अडवत होता. तरी न सांगणंही जड जात होतं.

बुधवारी दुपारी इम्तियाज आला. "ट आणि फ या दोन जिल्ह्यांत लगेच द्यायला हवं. मी साथीचा वेग कमी धरला, जास्त धरला, ती मध्येच विरते असंही धरून बघितलं. जवळजवळ प्रत्येक वेळी आता दिल्यानं जास्त बाळं वाचतात. म या जिल्ह्यात मात्र काठावर आहे. फरक इतका बारीक, की मी थांबा म्हणेन. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे जून."

सरांनी नावांचा कागद उलगडला. ट म्हणजे कोल्हापूर. फ म्हणजे सिंधुदुर्ग. म म्हणजे सांगली.

शेजारच्या सांगलीला थांबावं लागणार, हे सुनीतीला बरं वाटलं नाही, पण जे निघेल ते मान्य, असं ती आधीच म्हणाली होती.

संध्याकाळी समितीची बैठक पडद्यावर झाली. सुरुवातीलाच डाबरे सरांनी सांगितलं की त्यांच्या सहकाऱ्याचा भाचा कोल्हापूर जिल्ह्यात आहे, आणि हे गणित दुसऱ्या माणसानं नावं न बघता केलेलं आहे. बरेच प्रश्न आले. एका सदस्यांनी विचारलं, "साथ आली नाही, तर जबाबदारी कुणाची?" सुनीती म्हणाली, "शिफारस माझी आहे. तसं लिहून घ्या." शेवटी होकार मिळाला. दोन्ही जिल्ह्यांचा साठा दुसऱ्या दिवशी निघणार होता.

तिनं लगेच इचलकरंजीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, दहा दिवस गप्प राहिल्याचंही.

पद्मजा ऐकत होती. "जानेवारीत थांब म्हणालात," ती म्हणाली. "आता लगेच घे म्हणताय."

"हो. तेव्हा जे दिसत होतं त्यावरून ते सांगितलं. आता वेगळं दिसतंय."

"आणि ऑगस्टमध्ये साथ आली तर?"

"तर अर्हमचं संरक्षण कमी पडेल. तोही धोका आहे. हा त्याहून मोठा वाटतोय."

"निदान धोका नाही असं म्हणत नाही तुम्ही," पद्मजा म्हणाली. "कधी जायचं?"

"शनिवारी केंद्रावर सुरू होईल. पहिल्याच दिवशी जा."

शनिवारी सकाळी अर्हमला इंजेक्शन दिलं. तो जोरात रडला आणि घरी येईपर्यंत झोपला, असं अभिनंदननं कळवलं. स्वतःहून केलेला, संक्रांतीनंतरचा तो त्याचा पहिलाच फोन होता.

साथ आली. मे अर्धा सरला तसा इचलकरंजीतल्या घराघरांत खोकला सुरू झाला. सुट्टीच्या शिबिरातून रुजुता शिंकत आली, तीन दिवसांनी अर्हमचं नाक वाहायला लागलं आणि मग त्याचा श्वास भरभर चालू लागला. पद्मजानं त्याला उचलून सरळ बालरुग्णालय गाठलं. सुनीतीला कळलं तेव्हा ती ऑफिसात होती. जे हातात होतं ते पिशवीत टाकून ती स्वारगेटला गेली आणि मिळाली ती बस धरली.

ती पोचली तेव्हा दुपार उतरत होती. पद्मजा बाकावर बसली होती, अर्हम तिच्या मांडीवर. त्याच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला होता. सुनीती जवळ गेली आणि वाकून त्या चिमट्यावरचा आकडा बघायला लागली.

"शहाण्णव," पद्मजाच म्हणाली. "सकाळपासून खाली आला नाही. दूध पितोय. डॉक्टर म्हणाल्या, छातीत थोडी घरघर आहे, पण तो आपल्या बळावर श्वास घेतोय. संध्याकाळी घरी सोडतील."

सुनीती तिच्या शेजारी बसली. पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही, दोन्ही हातांनी ती घट्ट धरून राहिली. पद्मजानं ते बघितलं.

"आता घाबरताय होय?" ती म्हणाली आणि किंचित हसली. "इतके दिवस मला वाटायचं, तुम्हाला आकड्यांपलीकडे काही होतच नाही."

"तुला दिसू दिलं नाही, इतकंच."

डॉक्टर फेरीला आल्या. मध्यम वयाच्या, दमलेल्या बाई. सुनीती कुठं काम करते हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "एवढा सर्दी-खोकला बाहेर आहे, त्या मानानं वॉर्ड भरायला हवा होता. रुजुता इथं होती त्या वर्षी आम्ही एका खाटेवर दोन-दोन बाळं ठेवली होती. आज बघा." सुनीतीनं बघितलं. निम्म्याहून जास्त खाटांवर चादरी घडी घालून ठेवलेल्या होत्या.

खिडकीजवळच्या खाटेवर मात्र एका बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. त्याचे वडील जवळ उभे होते. बोलता बोलता कळलं, ते शिराळ्याचे. सांगली जिल्हा.

"तिकडं अजून इंजेक्शन सुरू नाही," ते म्हणाले. "माझी बहीण इथली, तिच्या पोराला दिलं. आमचं चुकलं काय म्हणता, हद्दीच्या पलीकडं राहतो एवढंच. ती हद्द कुठनं आणि कशी ठरली, ते काय आम्हाला माहीत नाही."

"मला माहीत आहे," सुनीती म्हणाली. तिनं त्यांना सांगितलं. नमुने, काठावरचा फरक, थांबायचा निर्णय. सोप्या शब्दांत, काही न लपवता. ते ऐकत राहिले. रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त विचारलं, "मग आता तिकडं कधी देणार?"

"बघते," ती म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन डाबरे सरांना फोन लावला.

"तुलाच करणार होतो," सर म्हणाले. "सांगलीचा ताजा नमुना आला. काठ ओलांडलाय. इम्तियाजनं पुन्हा चालवलं, समितीनं तासाभरापूर्वी होकार दिला. परवापासून सुरू. आणि सुनीती, दोन्ही जिल्ह्यांत मिळून तान्ह्या बाळांचे दवाखान्यातले आकडे संगणकातल्या जुळ्यापेक्षाही कमी आलेत. भाचा कसा आहे?"

"संध्याकाळी घरी," ती म्हणाली. फोन ठेवून ती तशीच मागे वळली.

आत जाऊन तिनं शिराळ्याच्या त्या माणसाला परवाची बातमी दिली. तुमच्या बाळाला आता त्याचा उपयोग नाही, हेही सांगितलं. "माझं निघालंय यातनं," ते म्हणाले. "काल ऑक्सिजन चार लिटर चालू होता, आज एकावर आणलाय. गावात अजून सहा-सात तान्ही हायत. त्यांच्या घरी फोन करतो." आणि ते खरंच फोन काढून दाराशी गेले.

घरी पोचल्यावर पद्मजानं अर्हमला पाळण्यात घातलं. सुनीती शेजारीच चटईवर बसली. जरा टेकावं म्हणून तिनं पाय पसरले. अर्हमच्या श्वासात अजून बारीक घरघर होती, पण तो एका लयीत येत-जात होता. ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले.

अभिनंदन शेडवरून आला तो मोठ्यानं विचारतच, "ताई कुठाय? जेवली का?"

पद्मजा दारात आली. "हळू बोला. झोपल्यात."

"अशी? उशी पण न घेता?"

"आणून ठेवली मघाशी शेजारी. कळलंसुद्धा नाही त्यांना."

अर्हम झोपेत एकदा खोकला. अभिनंदननं दचकून पद्मजाकडे बघितलं, मग दिव्याच्या बटणाकडे. पद्मजानं नको म्हणून मान हलवली. तिनं क्षणभर कान देऊन ऐकलं, आणि दार ओढून घेऊन ती पानं वाढायला गेली.